सावलीतली अबोली: पहिल्या रोपापासून पहिल्या वळेसरापर्यंत

घराच्या उत्तरेला, घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जी दीड-दोन मीटरची पट्टी उरते, तिथे गुलाब लावून हरलेली माणसं मला दर पावसाळ्यात भेटतात. गुलाब गेला की जास्वंद येते, जास्वंद नुसती पानं काढत बसते, मग कोणीतरी तिथे फरशी टाकून मोकळं होतं. फरशी टाकण्याआधी एकदा अबोली लावून बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अबोली आपल्याच मातीतली. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं मूळ घर. अडुळसा, कोरांटी, कारवी ही तिच्याच कुळातली भावंडं. शास्त्रीय नाव जरा लांबलचक आहे, क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ नरसाळ्याच्या आकाराची. झुडूप 60 ते 90 सेंटिमीटर उंच होतं, पानं गर्द हिरवी, चकचकीत, कडेला किंचित लाटा असलेली, आणि ती बाराही महिने झाडावर राहतात. फुलाला वास नाही. न बोलणारी म्हणून अबोली, असं लोक सांगतात. पण रंगाच्या बाबतीत ती इतकी बोलली, की साडीच्या दुकानात आजही तिच्याच नावानं रंग मागतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अबोली सावलीत वाढते याचा अर्थ ती अंधारात फुलते असा नाही. तिला उजेडाची सावली लागते. ही उजेडाची सावली ओळखता आली, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पाण्याचा हात आवरण्याचं आहे.

पहिली पायरी: रोप आणण्याआधी सावली वाचा

एखादा सुट्टीचा दिवस धरा आणि सकाळी आठ, दहा, बारा, दुपारी दोन आणि चार या वेळांना त्या जागेवर जाऊन या. प्रत्येक वेळी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर साधारण एक फुटावर हात धरा. हाताची सावली काळी, कडा धारदार असेल तर ते थेट ऊन. सावली पुसट, पण बोटं वेगवेगळी ओळखू येतात, ही अबोलीची जागा. कागदावर हात आहे की नाही हेच कळत नसेल, तर तिथे अबोली जगेल, फुलणार नाही. दिवसभरात दोन-तीन तास कोवळं ऊन आणि बाकी वेळ बोटं ओळखू येणारी सावली, याहून चांगली जागा शोधायला जाऊ नका.

पूर्वेकडची बाजू म्हणूनच सगळ्यात उत्तम. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं. पश्चिमेकडची सर्वात वाईट: सकाळभर सावली असते म्हणून आपण फसतो, आणि मग तीन वाजता भिंत तापते ती संध्याकाळपर्यंत.

उत्तरेकडच्या पट्टीची गंमत वेगळी आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस आपण कौतुकानं बघतो ना, त्या दोन दिवसांच्या मधला हा काळ. डिसेंबरात जी पट्टी दिवसभर थंडगार होती, तिथे मेच्या उत्तरार्धात सकाळ-संध्याकाळचं तिरकं आणि दुपारचं उभं, दोन्ही उन्हं येतात. पाऊस सुरू झाला की ढग सांभाळून घेतात. खरा धोका मेच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतच्या तीन आठवड्यांचा. जानेवारीत सावली बघून फेब्रुवारीत लावलेली रोपं मे महिन्यात करपतात ती यामुळे. माळी मात्र म्हणतो, रोपच कच्चं होतं. तेवढे तीन आठवडे हिरवी शेडनेट किंवा जुनं सुती लुगडं वर बांधलं तरी भागतं.

झाडाखालची सावलीही अशीच ऋतूप्रमाणे बदलते. बहावा, गुलमोहर यांची पानं नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात. आंब्याखाली उलट तक्रार: सावली बारमाही, पण फार दाट. नारळ-पोफळीची चाळणीसारखी सावली मात्र अबोलीला मानवते. कोकणातल्या परसात ती माडाखाली सुखानं नांदते, ती उगीच नाही.

दुसरी पायरी: जमीन, म्हणजे खरं तर निचरा

ज्या जागेत लावायचं आहे तिथे फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या आणि पाण्यानं भरा. पाणी जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दोन तासांत उतरलं तर काळजी नको. चार तासांनीही खड्ड्यात आभाळ दिसत असेल, तर जमिनीच्या पातळीवर काही लावू नका; 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा. सावलीत जमीन सुकत नाही, म्हणून उन्हातल्या बागेत चालून जाणारा कच्चा निचरा इथे रोपाचा जीव घेतो.

दुसरी अडचण इमारतींच्या कडेला हमखास असते. बांधकाम संपताना राडारोडा कुठे पुरतात? याच पट्टीत. सिमेंटचे गोळे, चुन्याचा गिलावा, विटांचे तुकडे. वर चार इंच लाल माती पसरली की कोणाला दिसत नाही, पण रोपाच्या मुळांना कळतं. चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि तशा मातीत लोह असूनही अबोलीला ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यामुळे निदान दीड फूट खणून राडारोडा बाहेर काढा. कंटाळवाणं काम आहे, कंबर धरते, पण ते एकदाच करायचं असतं.

कोकणातली जांभ्याची लाल माती तिला मुळातच मानवते. तिथे फक्त सेंद्रिय खत वाढवावं लागतं. देशावरची काळी माती दोन्हीकडून अडवते: पाणी धरून ठेवते आणि बहुधा अल्कधर्मी असते. तिथे गादीवाफा भरताना दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाडी वाळू असं मिश्रण करा. मूठभर निंबोळी पेंड प्रत्येक रोपामागे आताच मिसळून ठेवा. कशासाठी ते पुढे येईल.

वाफा आखताना दोन अंतरं लक्षात ठेवा. घराच्या भिंतीपासून निदान फूटभर लांब राहा, नाहीतर ओल भिंतीत जाईल. आणि पागोळ्यांच्या रेषेत काही लावू नका. छपरावरून पडणारी धार पावसाळाभर त्याच जागी माती खणते, मुळं उघडी पाडते आणि चिखल उडवून खालची पानं सडवते. पहिल्या पावसात जमिनीवर पागोळ्यांची चर दिसते, तिच्या हातभर अलीकडे किंवा पलीकडे वाफा घ्या.

मोठ्या झाडाखाली लावत असाल तर सलग खणू नका. जाड मुळं तोडली तर झाडाचं नुकसान आणि बुंध्याला माती चढवली तरी झाडाचंच नुकसान. मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून छोटे खड्डे घ्या. जागाच सापडत नसेल तर अबोली कुंडीत लावून ती झाडाखाली ठेवा. मोठ्या झाडाच्या मुळांशी पाण्यासाठी मारामारी करण्यात लहान झुडूप कधीच जिंकत नाही.

तिसरी पायरी: रोप निवडणं

अबोली बियांपासून येते आणि फाट्यांपासूनही, म्हणजे फांदीचे तुकडे खोचून. गावाकडची नेहमीची केशरी अबोली बियांवर येते, दणकट असते आणि नवशिक्यानं तिच्यापासूनच सुरुवात करावी. 'दिल्ली' या नावानं मिळणारी अबोली दिसायला फार देखणी. पण ती त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, त्यामुळे तिला बी धरत नाही. ती फाट्यांपासूनच वाढवावी लागते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं काढलेल्या 'अर्का अंबरा', 'अर्का कनक' अशा जातीही आहेत, पण त्या मुख्यतः फुलांची शेती करणाऱ्यांसाठी. पिवळी आणि गडद लाल अबोलीही पाहायला मिळते. सावलीच्या कोपऱ्यात मात्र केशरी आणि पिवळा रंग उठून दिसतो; गडद लाल रंग सावलीत विरघळून जातो, दहा पावलांवरून दिसतही नाही.

रोपवाटिकेत गेल्यावर फुलांकडे बघू नका. फुलं असलेलं उंच, एकच शेंडा असलेलं रोप सगळे उचलतात. तुम्ही बुटकं, तीन-चार फांद्या फुटलेलं, फुलं नसलेलं उचला. पानं उलटून बघा, पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. मग पिशवीच्या तळाशी डोकावून मुळं बघा, आणि शक्य असेल तर विचारून रोप पिशवीतून अलगद बाहेर काढा. मुळं पांढरट, केसाळ हवीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. या गाठी सूत्रकृमींच्या असतात. डोळ्यांना न दिसणारे हे जंत अबोलीचे सर्वात मोठे वैरी आहेत आणि एकदा अंगणात शिरले की मातीतून काढणं जवळपास अशक्य. निंबोळी पेंड मिसळायला सांगितली ती यांच्याचसाठी.

चौथी पायरी: लावणी

देशावर जून-जुलै हा काळ उत्तम. कोकणात आणि घाटमाथ्यावर मी दोन वेळा सांगेन: पहिल्या पावसानंतर लगेच, म्हणजे जुलैच्या झोडपणाऱ्या सरींच्या आत रोप रुजेल, नाहीतर थेट ऑगस्टअखेर. ऐन आषाढात लावलेलं कोवळं रोप आठवडाभर पाण्यात उभं राहतं आणि मानेशी कुजतं.

दोन रोपांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन ओळी असतील तर समोरासमोर न लावता नागमोडी लावा, पट्टी लवकर भरल्यासारखी दिसते. पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. खोडाला जास्तीची माती चढवू नका. बोटांनी माती दाबा, पायानं नको. वर पालापाचोळ्याचं दोन बोटं जाड आच्छादन घाला, पण खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडा. लावल्या दिवशी भरपूर पाणी आणि मग वरची माती सुकेपर्यंत हात मागे.

कुंडीत लावायची असेल तर 10 ते 12 इंचांची कुंडी पुरते. तळाचं भोक खापरीनं झाका, बुजवू नका. कुंडीखाली थाळी ठेवली असेल तर पावसाळ्यात ती काढून टाका.

पाचवी पायरी, आणि इथेच बहुतेक जण चुकतात: पाणी

माझी पहिली पाच रोपं मी पाणी घालून मारली. रोज सकाळी, प्रेमानं. पानं मलूल दिसली की वाटायचं तहानली आहेत, म्हणून संध्याकाळीही. पानं आणखी मलूल व्हायची. शेवटी उपटलं तर मुळं तपकिरी, बोटांनी चोळल्यावर साल निघून हातात येणारी. तहानलेलं रोप आणि बुडालेलं रोप वरून सारखंच दिसतं, कारण दोन्हींच्या पानांना पाणी पोचत नसतं; एकाकडे पाणीच नाही, दुसऱ्याकडे ते ओढणारी मुळं नाहीत.

म्हणून पानांना विचारू नका, मातीला विचारा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. बोटाला ओल लागली, माती चिकटली तर पाणी नको. कोरडी निघाली तर द्या, आणि दिलंत तर पोटभर द्या, वरवर शिंपडू नका. सावलीतल्या वाफ्याला हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरू शकतं, उन्हाळ्यात दोन-तीनदा लागेल, कुंडीला थोडं जास्त. हे आकडे अंदाजापुरते. शेवटचा शब्द बोटाचा.

मेच्या दुपारी पानं मान टाकतात आणि सहाच्या सुमाराला आपोआप ताठ होतात. ते रोप तहानलेलं नाही, त्यानं फक्त उन्हाशी जुळवून घेतलं. सकाळी सातलाही मान खाली असेल तरच बोट घालून बघायला जा.

पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. सावलीत संध्याकाळी भिजवलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेवढंच पुरतं.

खत आणि खुडणी

सावलीतलं रोप सावकाश वाढतं, म्हणून त्याची भूकही कमी. उन्हातल्या फुलझाडाला जेवढं खत घालाल त्याच्या निम्मं. दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी गांडूळखत बुंध्यापासून थोडं दूर मातीत कालवलं की पुरे. युरियासारखं नत्राचं खत घातलं तर काय होतं ते सांगतो: रोप भराभर उंच होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, बघणारे कौतुक करतात आणि फूल एकही नाही. त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा मात्र लगेच येतो.

खुडणी विसरू नका. रोप वीतभर झालं आणि पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा नखानं खुडा. जीव होत नाही, माहीत आहे. पण अबोलीचे तुरे फांदीच्या टोकाकडच्या पानांच्या बेचक्यातून येतात. जितक्या फांद्या, तितके तुरे. न खुडलेलं रोप सावलीत उजेडाकडे मान लांबवत काठीसारखं वाढतं आणि पहिल्या पावसात आडवं होतं. नव्या फांद्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे एकदा खुडा, मग हात लावू नका.

तुरा कसा वाचायचा आणि फूल कसं काढायचं

लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिला तुरा दिसतो. सावलीत थोडा जास्त वेळ धरा. आधी हिरवी, चौकोनी, शेपटीसारखी कणसं येतात. नवशिक्यांना वाटतं फुलं येऊन गेली, उरलं ते हे. तसं नसतं. प्रत्येक हिरव्या छदाच्या, म्हणजे कणसावरच्या पानासारख्या खवल्याच्या, आड एकेक कळी दडलेली असते आणि फुलं खालून वर क्रमानं उमलतात, रोज थोडी. एक तुरा दोन-तीन आठवडे चालू राहतो.

म्हणूनच फुलं काढताना तुरा तोडायचा नाही. उमललेलं फूल दोन बोटांत धरून अलगद वर ओढलं की त्याची बारीक नळी हिरव्या पुष्पकोशातून सुटून येते. कणीस तसंच राहतं आणि वरच्या कळ्या आपल्या वेळेला उमलतात. दिवसाआड सकाळी फुलं काढावीत. झाडावर राहिली तरी दोन-चार दिवस टिकतात, आणि काढून ओल्या फडक्यात गुंडाळली तरी लवकर मान टाकत नाहीत; वेणीत आणि गजऱ्यात अबोलीचं एवढं स्थान आहे ते या गुणामुळे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, गुंफतात. फूल इतकं हलकं, की ओंजळभर फुलांचं वजन हाताला जाणवत नाही. वळेसर करायचा असेल तर चार रोपांवर भागणार नाही, निदान पंधरा-वीस रोपं लावा.

तुऱ्याच्या शेंड्यावरचं शेवटचं फूल गळलं की ठरवा: बी हवं की फूल? फूल हवं असेल तर तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापून टाका. आठ-दहा दिवसांत त्या जोडीतून दोन नव्या फुटी येतात. बी हवं असेल तर दोन-चार तुरे झाडावरच वाळू द्या.

बी आणि फाटे

अबोलीची वाळलेली बोंडं पाण्याची वाट बघत असतात. कोरड्या हवेत गप्प राहतात, पाण्याचा थेंब पडला की तडकतात आणि बी हातभर लांब उडवतात. पावसाची चाहूल लागल्यावरच बी बाहेर टाकायचं, कोरड्या जमिनीवर नाही, असा तिचा हिशोब. बी गोळा करायचं असेल तर वाळके तुरे खोलगट भांड्यात ठेवा, वर पाणी शिंपडा आणि लगेच पातळ फडकं बांधा. थोड्याच वेळात आतून तडतड ऐकू येते. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यावर सोपवावं, पुढची सगळी कामं ते आपणहून करतं.

बी ताजं असतानाच पेरा. भुसभुशीत मिश्रणात बियाच्या जाडीएवढंच खोल, वर हलकी माती, आणि ऊबदार सावलीत. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. थंडीत पेरू नका, बी रुसून बसतं. रोपं साधारण दोन महिन्यांची झाली की जागेवर लावा.

फाट्यांसाठी पावसाळा धरा. ना अगदी कोवळी, ना लाकडासारखी, अशी फुलं नसलेली फांदी निवडा. चार बोटं लांब तुकडा, दोन-तीन पेरं. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही मोठी असतील तर अर्धी कापा. खालचं पेर वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचा. वर पारदर्शक पिशवीचा घुमट करा, रोज थोडा वेळ उघडा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. दहा फाटे लावलेत आणि सहा जगले तर स्वतःवर खूश व्हा.

दुखणी

पिवळ्या पानांचे तीन प्रकार आहेत आणि उपायही तीन. फक्त सर्वात खालची जुनी दोन-चार पानं पिवळी पडून गळताहेत: वय झालं, सोडून द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. एक लिटर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम फेरस सल्फेट आणि लिंबाचे चार थेंब घालून ढगाळ सकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पण माती सुधारली नाहीत तर हे दर हंगामाला करत बसाल. सगळंच झाड फिकट, मलूल, माती ओली: पाणी थांबवा, निचरा बघा.

पाणी बरोबर, खत बरोबर, तरी रोप वाढत नाही, खुरटतं, पानं लहान होत जातात, तर एक रोप उपटून मुळं बघा. गाठी असतील तर ते रोप मुळांसकट कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागी एक हंगाम अबोली लावू नका. झेंडू लावा, त्याच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी कमी होतात. पण झेंडूला ऊन लागतं, तेव्हा अगदी सावलीच्या जागी माती बदलणं किंवा कुंड्यांवर जाणं हाच मार्ग.

एखादं चांगलं वाढलेलं रोप दोन-तीन दिवसांत उभ्या उभ्या वाळलं, तर ती मर. जमिनीतली बुरशी. ते रोप वाचत नाही, शेजारच्यांना वाचवा: पाणी कमी करा आणि शेणखतात मिसळलेलं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी उपकारक बुरशी, त्यांच्या बुंध्याशी द्या.

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांना लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण पुरतो, संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूनं फवारलात तर. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर जुन्या टूथब्रशनं घासून काढणं जास्त खात्रीचं. सावलीच्या बागेतला खरा दरोडेखोर मात्र गोगलगाय. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन फिरा, हातात मोजा घाला आणि वेचा. औषधांपेक्षा हे स्वस्त, आणि झोपेआधी चार पावलं चालणंही होतं.

दुसरं, तिसरं वर्ष

थंडीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे आणि विदर्भात, अबोली आखडते. पारा 10 अंशांच्या आसपास गेला की पानं लालसर होतात, काही गळतात, फुलं थांबतात. रोप मेलं समजून खत-पाण्याचा मारा करू नका आणि छाटणीही करू नका. फेब्रुवारीत हवा तापली, नवी फूट दिसली, की मग तिसरा हिस्सा छाटा आणि दोन मुठी गांडूळखत द्या. किनाऱ्यावर थंडीचा प्रश्न नाही. तिथे पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमाराला छाटावं.

तीन वर्षांनी झुडूप खाली उघडं आणि वर झुपकेदार होतं, तुरे लहान पडू लागतात. जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं कापलं तर बरीच रोपं पुन्हा भरतात. सगळी एकदम कापू नका, एकाआड एक कापा. पण मी तर तोवर नवे फाटे तयार ठेवतो आणि म्हाताऱ्या रोपांना निरोप देतो.

जागा खरंच अंधारी असेल आणि तरीही अबोलीच हवी असेल, तर कुंड्यांचे दोन संच करा. एक संच गॅलरीत किंवा पूर्वेच्या कठड्यावर, दुसरा सावलीत. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. तुरे उजेडात धरतात आणि सावलीत येऊन उमलतात. कष्ट आहेत, पण दारासमोरच्या बोळात केशरी तुरे बघून शेजारी विचारतात, हे इथे कसं आलं?

आणि पुढच्या जूनमध्ये वाफ्यातलं तण काढायला खुरपं उचलाल, तेव्हा आधी गुडघ्यावर बसून नीट बघा. पहिल्या सरीत तडकलेल्या बोंडांमधून उडालेलं बी आईपासून हातभर अंतरावर उगवलेलं असतं. समोरासमोर पानांच्या जोड्या, लांबट, चकचकीत, कडेला बारीक लाट. दुसरी जोडी आली की मातीच्या ढेपेसकट उचलून पिशवीत घाला.